नोकरी पाहिजे ना, मग इन्स्टा उघडून दाखव

माझी भाची २३ वर्षांची, बीकॉम झालंय, टॅली येतं, जीएसटीचे रिटर्न भरता येतात. दिवाळीनंतर पुण्यात एका छोट्या कंपनीत तिचा इंटरव्ह्यू होता, तिसरा राउंड, म्हणजे आधीचे दोन छान गेलेले, पगाराचं पण बोलणं झालेलं, आता फक्त एचआरला भेटायचं आणि ऑफर लेटरची वाट बघायची असं सगळं ठरल्यासारखंच होतं. समोर एक मॅडम बसलेल्या. त्यांनी मार्कशीट बघितल्या, आधार-पॅनच्या झेरॉक्स घेतल्या, आणि मग पाणी मागावं इतक्या सहज म्हणाल्या, "इन्स्टा आहे ना तुझं? उघड आणि फोन दे जरा इकडे."

तिने दिला. त्या खुर्चीत बसलेलं कोणीही देईल, समोर नोकरी आहे, बाहेर अजून चार जण बसलेत, नाही म्हणायचं म्हणजे काहीतरी लपवतेय असं वाटणार. मॅडमनी आधी फोटो बघितले, मग वरच्या कोपऱ्यात मेसेजची खूण असते तिथे बोट ठेवलं. सगळ्यात वरचं चॅट तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचं होतं. त्या मैत्रिणीचं आदल्याच आठवड्यात मिसकॅरेज झालेलं, माहेरी पण कोणाला सांगितलं नव्हतं, आणि रात्री दीड वाजता तिने हिला एक लांबलचक मेसेज लिहिला होता. मॅडमनी तो वाचला. बोटाने वर सरकवत सरकवत पूर्ण वाचला. मग फोन परत दिला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, संध्याकाळपर्यंत मेल येईल."

मेल आला, भाची जॉइन पण झाली, घरात एका पगारावर दोन हप्ते चालू आहेत, तिला दोष द्यायचा प्रश्नच नाही.

मी स्वतः नऊ वर्षं जॉइनिंग आणि पेरोलचं काम करते, दुसऱ्या एका कंपनीत, त्यामुळे तिने हे सांगितलं तेव्हा मला धस्स झालं, कारण हे कसं सुरू होतं ते मला माहितीये. बहुतेक वेळा कोणी ठरवून वाईट करत नाही. आधीच्या कोणीतरी सोडून जाताना कंपनीबद्दल काहीतरी वेडंवाकडं लिहिलेलं असतं, मालक चिडलेले असतात, "पुढचा माणूस नीट बघून घ्या" म्हणतात, आणि मग ते नीट बघून घेणं हळूहळू जॉइनिंग फॉर्ममधला एक रकाना होऊन बसतं. फॉर्ममध्ये एकदा रकाना आला की तो कशाला आला हे कोणी विचारत नाही, सगळे भरत जातात. म्हणून म्हटलं हे एकदा सविस्तर लिहावं, कारण कॅम्पसचे दिवस आले की ओळखीतली पोरं मला विचारतात, "ताई, मागितलं तर द्यायचं का?"

आधी एक गोष्ट बाजूला काढू. कंपनीने तुमचं नाव गुगलवर टाकलं, तुमचं लिंक्डइन बघितलं, तुमचं इन्स्टा पब्लिक असेल तर ते बघितलं, तर त्यात तक्रार करण्यासारखं फार काही नाही. तुम्हीच ते सगळ्यांसाठी ठेवलंय. आपला नवीन डेटा कायदा पण हेच म्हणतो, म्हणजे माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. आपण बोलतोय ते कुलूप लावलेल्या भागाबद्दल.

आता ते कुलूप उघडून घ्यायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि पासवर्ड मागणं ही त्यातली फक्त सगळ्यात उघड पद्धत. दुसरी भाचीच्या बाबतीत झाली ती, म्हणजे पासवर्ड मागायचा नाही, "तूच उघड, मी फक्त बघते" म्हणायचं. तिसरी म्हणजे एचआरच्या किंवा सरांच्या अकाउंटवरून फॉलो रिक्वेस्ट येते आणि ती ॲक्सेप्ट केली नाही तर दुसऱ्या दिवशी विचारलं जातं. चौथी, "इंटरव्ह्यूपर्यंत प्रोफाइल पब्लिक करून ठेव". आणि पाचवी आपल्याकडे छोट्या ऑफिसांमध्ये मी सगळ्यात जास्त बघितलीये पण तिला कोणी नावच देत नाही: तुमच्या पर्सनल नंबरचं व्हॉट्सॲप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिंक करायला लावायचं, "क्लायंटचे मेसेज येतात ना, कोणीतरी बघायला पाहिजे" म्हणून. तुम्ही जेवायला जाता, कॉम्प्युटर चालूच असतो, आणि तुमच्या आईचा, नवऱ्याचा, बहिणीचा मेसेज त्याच स्क्रीनवर येऊन पडतो.

पासवर्ड दिला तर नेमकं काय जातं हे लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच जणांना वाटतं फोटो दिसतील, दिसू देत, माझं काय लपवण्यासारखं आहे. पण पासवर्ड म्हणजे नुसतं बघणं नाही, त्या अकाउंटमधून तुमच्या नावाने लिहिताही येतं, डिलीट करता येतं, रिकव्हरीचा नंबर बदलून तुम्हालाच बाहेर काढता येतं. फेसबुक किंवा गुगलने लॉगिन करून तुम्ही शॉपिंगची, प्रवासाची, अजून कसली कसली ॲप उघडलेली असतात, त्यांची पण दारं तिथूनच उघडतात. आणि बऱ्याच जणांचा पासवर्ड सगळीकडे एकच असतो, हे मी रोज बघते.

पण यातलं सगळ्यात मोठं नुकसान तुमचं नसतंच. इनबॉक्समध्ये अर्धं लिखाण दुसऱ्यांचं असतं. त्या मैत्रिणीने कुठल्याच कंपनीत अर्ज केला नव्हता, कुठल्या फॉर्मवर सही केली नव्हती, तिला हे माहीतही नव्हतं की दुपारी साडेतीन वाजता एका केबिनमध्ये तिचं दुःख कोणीतरी अनोळखी वाचतंय. माझी भाची स्वतःपुरती "हो" म्हणू शकते, मैत्रिणीच्या वतीने कशी म्हणणार? मला या सगळ्या विषयात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कायद्याच्या चर्चेत तो नेहमी मागे राहतो.

हा वाद खरा पेटला तो अमेरिकेत, साधारण २००९ ते २०१२ च्या दरम्यान. मोंटाना राज्यात बोझमन म्हणून गाव आहे, तिथल्या नगरपालिकेच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये चक्क रकाने होते, फेसबुक, गुगल, याहू, यूट्यूब, मायस्पेस (त्यावेळची एक सोशल साइट) वगैरे जिथे जिथे अकाउंट असेल तिथलं युजरनेम लिहा आणि पासवर्ड लिहा. २००९ च्या जूनमध्ये ही गोष्ट बातम्यांमध्ये आली, देशभरातून लोक तुटून पडले आणि काही दिवसांतच नगरपालिकेने तो प्रकार बंद केला.

मेरीलँडची गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या तुरुंग खात्यातला एक माणूस आईच्या निधनानंतर घेतलेल्या रजेवरून परत कामावर येत होता, २०१० सालची गोष्ट, परत घेताना जी मुलाखत होते तिच्यात त्याला फेसबुकचं लॉगिन मागितलं. कारण काय, तर तुरुंगातल्या टोळ्यांशी कर्मचाऱ्यांचे संबंध आहेत का ते बघायचंय. कारण खोटं नव्हतं हो, तुरुंगात तो प्रश्न खराच असतो. पण मुलाखत घेणारा त्याच्या डोळ्यांदेखत लॉगिन करून त्याचं अकाउंट चाळत बसला आणि त्यात त्याच्या घरच्यांचं, मित्रांचं लिहिलेलं पण आलं. तो माणूस एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेकडे गेला. संघटनेने खात्याला पत्र लिहिलं, खात्याने ४५ दिवस ती पद्धत थांबवली, आणि नंतर नवीन पद्धत आणली ती काय, तर पासवर्ड मागायचा नाही, उमेदवाराने स्वतः लॉगिन करायचं आणि अधिकारी शेजारून बघणार, आणि हे सगळं म्हणे ऐच्छिक. म्हणजे माझ्या भाचीच्या बाबतीत झालं तेच.

२०१२ च्या मार्चमध्ये हा विषय एवढा गाजला की फेसबुकच्या त्यावेळच्या प्रायव्हसी प्रमुख एरिन इगन यांना जाहीर निवेदन काढावं लागलं, की पासवर्ड दुसऱ्याला देणं किंवा दुसऱ्याकडे मागणं हे आमच्या नियमांविरुद्ध आहे. त्यात त्यांनी कंपन्यांसाठी पण एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती: तुम्ही कॅंडिडेटचं अकाउंट बघितलंत आणि त्यात त्याचं वय वगैरे कळलं, आणि मग त्याला घेतलं नाहीत, तर तो भेदभावाचा दावा लावू शकतो. मी एचआरवाल्यांना नेहमी हेच सांगते. एकदा बघितलं की बघितलं नाही असं होत नाही. ती मुलगी गरोदर आहे, तो मुलगा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, हिची जात कुठली, तो कुठल्या पक्षाच्या मोर्चाला गेला होता, हे एकदा डोक्यात शिरलं की पुढच्या प्रत्येक अप्रेझलला ते डोक्यात राहणारच, तुम्ही कितीही सरळ माणूस असाल तरी.

मेरीलँडचे गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांनी २ मे २०१२ ला कायद्यावर सही केली, १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला, आणि नोकरी देणाऱ्याने पासवर्ड मागायचा नाही असं म्हणणारं ते देशातलं पहिलं राज्य झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इलिनॉय, सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियाने एकाच दिवशी दोन कायदे केले, एक कंपन्यांसाठी आणि एक कॉलेजांसाठी, आणि त्यात "आमच्यासमोर उघडून दाखव" हे पण स्पष्ट लिहून बंद केलं, फक्त पासवर्डवर थांबले नाहीत. पुढे दोन डझनांहून जास्त राज्यांनी असे कायदे केले, न्यूयॉर्कचा तर अगदी अलीकडचा, मार्च २०२४ पासून. पूर्ण देशासाठी एकच कायदा करायचा प्रयत्न २०१२ मध्येच झाला होता पण तो पास झाला नाही, त्यामुळे आजही तुम्ही कुठल्या राज्यात आहात त्यावर सगळं ठरतं. या कायद्यांमध्ये अपवाद पण आहेत, उदाहरणार्थ मेरीलँडमध्ये कर्मचाऱ्याने कंपनीची गोपनीय माहिती चोरून स्वतःच्या अकाउंटवर टाकल्याची खबर आली तर चौकशी करता येते, आणि कंपनीचं स्वतःचं जे पेज तुम्ही चालवता त्याचा पासवर्ड अर्थातच कंपनीचा. हे अपवाद मला बरोबर वाटतात.

आता "तिने स्वतःहून दिला ना" या युक्तिवादाचं बघू, कारण आपल्याकडे पण हेच ऐकायला मिळतं. न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटमधली केस आहे. तिथल्या वेटर लोकांनी मायस्पेसवर एक प्रायव्हेट ग्रुप केला होता, आमंत्रण असेल तरच आत, तिथे ते कामाबद्दल, साहेबांबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल मन मोकळं करायचे. मॅनेजरने ग्रुपमधल्या एका मुलीकडून तिचा पासवर्ड घेतला, आत जाऊन वाचलं, दोघांना काढून टाकलं. कोर्टात ती मुलगी म्हणाली की मला कोणी धमकी दिली नव्हती पण दिला नसता तर माझ्यावर काहीतरी बेतेल असं वाटलं म्हणून दिला. २००९ मध्ये ज्युरीने कंपनीला दोषी धरलं, म्हणजे असा घेतलेला पासवर्ड ही खरी परवानगी नव्हेच. कोणीही आवाज चढवला नव्हता, पण एका बाजूला पगार देणारा आणि दुसऱ्या बाजूला पगार घेणारा असला की साध्या प्रश्नाला पण वजन येतं. युरोपातल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटानेही २०१७ मध्ये हेच लिहिलं, की कर्मचाऱ्याची संमती सहसा खरी मानता येत नाही कारण तो नाही म्हणायला मोकळा नसतो.

शाळेची गोष्ट याहून कठीण आहे, कारण तिथे समोर मूल असतं.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात मिनेवास्का नावाच्या भागातली शाळा, मुलगी सहावीतली, १२ वर्षांची. तिने घरून, स्वतःच्या वेळेत फेसबुकवर लिहिलं की शाळेतली एक मदतनीस बाई आपल्याशी वाईट वागते म्हणून ती आवडत नाही. शाळेने शिक्षा केली. मग कोणी सांगितलं यावर चिडून तिने अजून एक पोस्ट टाकली, त्यात एक शिवी होती, परत शिक्षा. आणि मग दुसऱ्या एका पालकाने तक्रार केली की ही मुलगी आमच्या मुलाशी ऑनलाइन नको ते बोलते. तर शाळेने तिला वर्गातून उठवून एका खोलीत नेलं, खोलीत शाळेची माणसं आणि एक पोलिस अधिकारी, आणि तिच्याकडून फेसबुकचा आणि ईमेलचा पासवर्ड मागितला. तिने रडत रडत दिला. मग त्या मोठ्या माणसांनी तिच्यासमोर बसून तिचे खाजगी मेसेज वाचले. खोलीत तिचे आईवडील नव्हते.

२०१२ मध्ये केस झाली, कोर्टाने शाळेची केस फेटाळायची मागणी मान्य केली नाही, खाजगी मेसेज म्हणजे बंद पाकिटातल्या पत्रासारखे असं धरलं, आणि २०१४ मध्ये शाळेकडून मुलीला ७० हजार डॉलर देऊन तडजोड झाली. मी ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्याच ओळखीतला एक आठवीतला मुलगा आठवला. त्याच्या वर्गात एका मुलीचे फोटो फिरत होते, प्रकार खरोखर गंभीर होता, बाईंनी सगळ्या मुलांचे फोन टेबलावर ठेवायला सांगितले, लॉक काढायला लावले आणि एकेकाचे ग्रुप उघडून वाचले. ज्याच्याकडे फोटो होते तो सापडला. पण त्याचबरोबर या मुलाने मोठ्या बहिणीला लिहिलेला मेसेज पण बाईंनी वाचला, की पप्पा परत पिऊन आले आणि मी गच्चीवर बसलोय. तो मुलगा त्यानंतर कित्येक दिवस त्या बाईंच्या तासाला मान वर करत नव्हता.

बाईंनी काय करायला पाहिजे होतं? फोटो फिरणं हा गुन्हा आहे, त्यात मुलगी अल्पवयीन म्हणजे पॉक्सोचा, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा विषय, तिथे शाळेने गप्प बसायचंच नाहीये, पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. फोन बाजूला ठेवून घ्यायचे, पालकांना बोलवायचं, आणि तपासायचं काम ज्यांचं आहे त्यांना करू द्यायचं. चाळीस मुलांचं सगळं वाचणं हा तपास नाही. शिक्षकांवरचं दडपण मला कळतं, पालक पण सगळं शाळेवरच ढकलतात, तरीसुद्धा.

आता आपल्याकडचा कायदा. सरळ सांगायचं तर "नोकरी देताना किंवा शाळेत पासवर्ड मागू नये" असा थेट कायदा भारतात नाही. पण म्हणून सगळं मोकळं रान आहे असंही नाही, तुकड्या-तुकड्यांत बरंच काही आहे.

पहिला तुकडा, पुट्टस्वामी निकाल. २४ ऑगस्ट २०१७, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग. मोठा निकाल. फक्त मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, म्हणजे सरकारी खातं, सरकारी कॉलेज यांच्याविरुद्ध तुम्ही हायकोर्टात जाऊ शकता, प्रायव्हेट कंपनीविरुद्ध तसं थेट जाणं सहसा सोपं नसतं, तिथे साधा कायदा लागतो. याच निकालाचा आधार घेऊन केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये एका मुलीला हॉस्टेलमध्ये परत घ्यायला लावलं होतं. कोळिकोडजवळच्या कॉलेजचं हॉस्टेल, संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेत मोबाइल जमा करायचा नियम, तिने मान्य केला नाही म्हणून हॉस्टेलमधून काढलं. कोर्ट म्हणालं इंटरनेट वापरता येणं हे शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्कात येतं, शिस्तीच्या नावाखाली एवढं करता येणार नाही. ती केस फोन काढून घ्यायची होती, आत बघायची नव्हती, पण कॉलेज-हॉस्टेलवाल्यांना दाखवण्यासारखी आहे.

दुसरा तुकडा लोकांना अजिबात माहीत नसतो. आयटी कायद्याखाली २०११ मध्ये नियम आले, त्यात "संवेदनशील वैयक्तिक माहिती" कशाला म्हणायचं याची यादी आहे, बँकेची माहिती, मेडिकल रेकॉर्ड, बोटांचे ठसे वगैरे, आणि त्या यादीत पहिल्याच नंबरवर काय आहे माहितीये? पासवर्ड. आणि नियम म्हणतात की अशी माहिती कंपनीने घ्यायची तर लेखी संमती पाहिजे, कायदेशीर कारण पाहिजे, आणि त्या कारणासाठी ती माहिती खरंच लागत असली पाहिजे. अकाउंट्सच्या मुलीला टॅलीमध्ये एंट्री करायला तिचा इन्स्टाचा पासवर्ड कशाला लागतो याचं उत्तर कुठल्याही एचआरकडे नाही. शिवाय याच कायद्याचं कलम ६६सी आहे, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे एका कारणासाठी घेतलेला पासवर्ड नंतर कोणी गुपचूप वापरला तर हे कलम समोर येऊ शकतं.

तिसरा तुकडा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले पण मुख्य कलमं लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ चा मे महिना उजाडेल, आणि तेव्हा वरचे २०११ चे नियम ज्या कलमावर उभे आहेत ते कलम जाईल. नवीन कायदा म्हणतो संमती मोकळ्या मनाने दिलेली, विनाअट, नेमक्या कामापुरती पाहिजे. कायद्यातच एक छान उदाहरण दिलंय: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट पण मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही. हे उदाहरण इंटरव्ह्यूच्या टेबलावर ठेवून बघा, लगेच कळतं. पण याच कायद्यात "नोकरीच्या कामासाठी" आणि "कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी" संमतीशिवाय पण माहिती वापरायची मुभा दिलीये, गुपितं फुटू नयेत वगैरे कारणांसाठी. मला त्याची काळजी वाटते, शब्द फार सैल आहेत, कोर्टात जाऊन कोणीतरी ते आवळून घेईपर्यंत कंपन्या ते आपल्याला पाहिजे तसे ताणणार. मुलांसाठी म्हणजे १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवायची बंदी आहे, पण शाळांना शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षेच्या कामासाठी त्यातून सूट आहे. तेव्हा पालकांनो, शाळेच्या ॲडमिशन फॉर्मच्या शेवटी जे बारीक अक्षरात असतं ते यापुढे वाचा.

अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांचा वेगळा प्रश्न आहे आणि हल्ली तोच जास्त येतो. व्हिसाच्या फॉर्ममध्ये २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची युजरनेम लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून स्टुडंट व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक करायला सांगतात, त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पण. हे एका सरकारचं व्हिसा देण्याचं काम आहे, तिथे आपला कायदा चालत नाही, आणि माहिती लपवली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे खोटं लिहू नका. ज्या देशात राज्यांनी कंपन्यांना खाजगी अकाउंटमध्ये डोकवायला बंदी केली त्याच देशाचं सरकार बाहेरच्या मुलांना प्रोफाइल उघडं करायला सांगतंय, हे मला पटत नाही. पण एक नीट लक्षात ठेवा, त्या फॉर्ममध्ये पासवर्डचा रकाना नाही. कुठलाही एजंट, कन्सल्टंट "पासवर्ड द्या, आम्ही प्रोफाइल साफ करून देतो" म्हणाला तर देऊ नका.

तर इंटरव्ह्यूत मागितलं तर काय म्हणायचं? भांडायचं नाही, घाबरायचं पण नाही. मी पोरांना एक वाक्य पाठ करायला सांगते: "मॅडम, माझं लिंक्डइन बघा, इन्स्टाचं पब्लिक आहे तेवढं बघा, पण दुसऱ्याचं लॉगिन मागणं किंवा वापरणं इन्स्टाच्या नियमात बसत नाही आणि आत माझ्या मैत्रिणींचे खाजगी मेसेज आहेत, ते मी दाखवू शकत नाही." हे खोटं नाही, फेसबुकच्या अटींमध्ये पासवर्ड शेअर करू नका असं आहेच, इन्स्टाग्रामच्या अटींमध्ये दुसऱ्याचं लॉगिन मागणं किंवा वापरणं चालत नाही असं आहे. आणि मैत्रिणींचं नाव घेतलं की समोरच्या माणसाला पण जरा थांबायला होतं, हे मी बघितलंय. तरी अडून बसले तर म्हणा, "ठीक आहे, हे कशासाठी पाहिजे ते मेलवर लिहून पाठवा, मी विचार करून सांगते." मेलवर लिहायला कोणी सहसा तयार होत नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर सही करताना "सोशल मीडिया" हा शब्द शोधा, असेल तर पुढे पेनने "फक्त पब्लिक माहिती" असं लिहून मग सही करा. मी स्वतः असे फॉर्म घेतलेत, काही बिघडत नाही.

हे सगळं करून नोकरी गेली तर? जाऊ शकते, मी खोटा धीर देणार नाही. ज्याला पर्याय नाही त्याने दाखवलं तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही, फक्त आधी काय आत आहे ते बघून घ्या.

आधीच दिला असेल तर आजच रात्री बसा आणि पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू करा, सेटिंगमध्ये "कुठे कुठे लॉगिन आहे" ते बघून अनोळखी सगळी डिव्हाइस काढून टाका, रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर आपलाच आहे ना ते तपासा, आणि व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून ऑफिसचा कॉम्प्युटर लॉगआउट करा. तुमच्या नावाने कोणी काही लिहिलं, पैसे मागितले असं दिसलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन.

आणि ज्यांचे मेसेज वाचले गेले त्यांना सांगा. हे सगळ्यात अवघड आहे आणि कुठल्या कायद्यात ते लिहिलेलं नाही, पण मी भाचीला हेच सांगितलं. तिने आठ दिवस टाळलं, मग एका रविवारी मैत्रिणीला फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग मैत्रिणीने एवढंच विचारलं, "नाव काय त्या बाईंचं?" आणि भाचीला तेव्हा कळलं की तिला ते माहीतच नाही. जॉइन झाल्यापासून त्या मॅडम दिसल्याच नव्हत्या, त्या फक्त भरतीच्या दिवसांत बाहेरून येतात म्हणे.